वैद्याची मोकळी सकाळ : खडवलीच्या नदीकाठी

चिकित्सालय सांभाळणाऱ्या वैद्यास सलग दोन दिवसांची सुटी ही दुर्मिळ वस्तू आहे. सकाळ-संध्याकाळच्या वेळा ठरलेल्या, मधल्या वेळात दूरध्वनी, आणि रविवारीही ओळखीचा एखादा रुग्ण दाराशी उभा. औषधालयाच्या मालकांची स्थिती याहून निराळी नाही. मालाची आवक, हिशेब, निरीक्षकांची भेट यांतून त्यांना मिळतो तो एखाद्या सकाळचा चार-पाच तासांचा अवकाश. हा अवकाश बहुधा दूरचित्रवाणीसमोर, मोबाईलवर किंवा एखाद्या हॉटेलातील परिषदेत उत्तम भोजन करून संपतो. त्यास आमचा आक्षेप नाही. परंतु आमच्या व्यवसायास शोभेल, शरीरास हितकर ठरेल आणि खिशास झळ लावणार नाही असा एक विरंगुळा अगदी जवळ असता त्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून हा लेखनप्रपंच. तो विरंगुळा म्हणजे जिवंत वनस्पतींच्या सहवासात घालवलेली एक सकाळ.

पदवी अभ्यासक्रमात द्रव्यगुण आपण सर्वांनीच शिकलो. संग्रहालयातील काचेच्या बरण्या, कागदावर चिकटवलेली वाळकी पाने, परीक्षेच्या टेबलावर मांडलेले नमुने आणि वर्षातून एखादी वनौषधी सहल, एवढ्यावर तो विषय उत्तीर्ण होता येतो. पुढे व्यवसायात प्रवेश केल्यावर द्रव्य आपल्यासमोर येते ते चूर्ण, घनवटी वा सीलबंद बाटलीच्या रूपाने. वीस वर्षे कुटज लिहिणाऱ्या वैद्याने वीस वर्षांत कुड्याचे झाड पाहिलेले नाही, असे आपल्यात अनेक आढळतील. चरकसंहितेत वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात असे म्हटले आहे, आणि केवळ तेवढे जाणणे पुरेसे नसून योग जाणणारा तोच श्रेष्ठ, असेही लगेच पुढे सांगितले आहे. आज आमची अवस्था उलटी झाली आहे. योग ठाऊक आहेत, रूप ठाऊक नाही. त्याच ठिकाणी अज्ञात औषधास विष, शस्त्र आणि अग्नी यांची उपमा दिली आहे हे विसरून चालणार नाही.

खडवलीच का?

ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यातील व्यवसायबंधूंस खडवली अपरिचित नाही. कल्याण ते वाशिंद हा लोहमार्ग १८५५ साली सुरू झाला. त्याच मार्गावर टिटवाळा आणि वाशिंद यांच्या मध्ये हे छोटे स्थानक आहे. कल्याणहून वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येते. मात्र टिटवाळा लोकल पुढे जात नाही. आसनगाव किंवा कसारा लोकलच घ्यावी लागते, आणि त्यांच्यामधील अंतर मोठे असल्याने परतीची वेळ आधीच लिहून ठेवावी.

स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर भातसा नदी आहे. वरच्या अंगास शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, आणि मुंबईस पुरवले जाणारे पाणी धरणातून सोडल्यावर नदीच्या पात्रातूनच खाली पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत वाहत जाते. म्हणून कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात दगडगोट्यांचे पात्र उरत असता येथे वैशाखातही वाहते पाणी असते. या बारमाही ओलाव्यामुळेच नदीकाठची झाडी आणि थोडे वर चढल्यावर लागणारे पानगळीचे रान, अशा दोन निरनिराळ्या भूमी एकाच सकाळी पाहता येतात. संहिताकारांनी देशविचार सांगताना आनूप आणि जांगल असे भेद केले. त्या शब्दांचा काटेकोर अर्थ येथे लावता येणार नाही, तरी ओल्या आणि कोरड्या भूमीत एकाच प्रहरात फिरताना तो विचार चटकन ध्यानात येतो.

गर्दीची एक अडचण आहे. उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यातील रविवारी नदीवर मुंबई-ठाण्याकडील सहलींचा लोंढा येतो. तेव्हा शक्य असल्यास सकाळी सातच्या आत पोहोचावे, किंवा आठवड्यातील अन्य वार निवडावा.

कुडा, पांढरा आणि काळा

या रानात प्रथम शोधावा तो कुडा. अतिसार-प्रवाहिकेत ज्याच्यावर आपण निर्धास्तपणे विसंबतो, त्या कुटजाच्या नावाखाली दोन झाडांची गल्लत होते. एक पांढरा कुडा (होलॅऱ्हिना), दुसरा काळा कुडा (राइटिया टिंक्टोरिया). दोन्ही लहान चणीची, दोन्हींची पाने समोरासमोर, दोन्हींना चीक, दोन्हींना पांढरी फुले आणि दोन्हींना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. केवळ वर्णन वाचून भेद करू म्हणणारा येथे फसतो. झाडाखाली उभे राहिल्यावर मात्र पाच मिनिटांत भेद कळतो आणि पुन्हा विसरला जात नाही.

पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा देठापासून टोकापर्यंत एकमेकींपासून सुट्या असतात. काळ्या कुड्याची जोडी कोवळेपणी टोकाशी चिकटलेली असते, जणू चिमट्याची दोन पाती. फुलाच्या मध्यभागी पाहिले तर काळ्या कुड्यात पाकळ्यांच्या आत झालरीसारखे तंतू दिसतात, पांढऱ्या कुड्यात ते नाहीत. काळ्याची पाने तुलनेने अरुंद आणि टोकाशी शेपटीसारखी निमुळती. ती पूर्वी निळ्या रंगासाठी वापरली जात, हे त्याच्या लॅटिन नावातच नमूद आहे. माघ-फाल्गुनात शेंगा उकलू लागल्या म्हणजे आणखी एक गंमत पाहावी. पांढऱ्या कुड्याच्या बीचा रेशमी झुबका शेंगेच्या टोकाकडील अंगास असतो, तर काळ्याचा देठाकडील अंगास. बाजारात येणाऱ्या इंद्रजवावरील हा झुबका झडलेला असतो. तेथे जिव्हा हीच परीक्षा. कुटजाचे बी स्पष्ट कडू, म्हणून तो कडू इंद्रजव. काळ्या कुड्याचे तसे कडू नसते, म्हणून त्यास गोडा इंद्रजव म्हणतात.

चरकाने कल्पस्थानात कुटजाचे पुरुष आणि स्त्री असे दोन भेद सांगितले आहेत. त्यांतील स्त्रीभेद म्हणजे काळा कुडा काय, याविषयी मतभेद आहेत. आमच्या मते तो वाद पुस्तकात बसून सुटणारा नाही. काळा कुडाही टाकाऊ नव्हे. दक्षिणेकडील सिद्ध वैद्यकात त्याच्या पानांनी सिद्ध केलेले तेल त्वचाविकारांत वापरले जाते. परंतु रक्तातिसाराच्या रुग्णास कुटजारिष्ट देताना त्यात कोणता कुडा आहे हा प्रश्न गौण राहत नाही. रुग्णास उपशय मिळाला नाही की आपण मात्रा वाढवतो, अनुपान बदलतो, निदानाबद्दल शंका घेतो. द्रव्याबद्दल शंका सर्वांत शेवटी येते, किंवा येतच नाही.

ऐन आणि अर्जुन यांची गोष्टही अशीच. अर्जुन पाण्याच्या काठाचा, ऐन रानाचा. ऐनाची साल काळसर करडी आणि उभी-आडवी भेगाळलेली, सुसरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट, मोठ्या पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. दोन्हींच्या फळांना पाच पंख असतात. ऐनाचे पंख रुंद व पातळ आणि त्यांवरील शिरा आडव्या, तर अर्जुनाचे अरुंद, जाडसर आणि शिरा वर वळलेल्या. सालीचे तुकडे झाले, वाळले, पोत्यात भरले की हा फरक बराचसा पुसला जातो. ज्याने उभे खोड हाताने चाचपले आहे त्यास पोत्यातील तुकड्यावरही संशय घेता येतो, एरवी नाही.

गुळवेल पाहताना

गुळवेल कोण ओळखत नाही, असे वाचक म्हणतील. आम्हीही तसेच म्हणत असू. परंतु करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले आणि २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. गुळवेल सेवनानंतर त्यांना यकृतविकार झाल्याचे त्यात म्हटले होते. त्यांनी वापरलेली वनस्पती नेमकी कोणती याची खात्री झालेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे आपली गुळवेल आणि तिची भगिनी टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत करू नये असे निवेदनही काढले. २०२२ साली देशातील तेरा केंद्रांचा अहवाल आला, आणि त्यात तपासलेले नमुने खऱ्या गुळवेलीचेच होते असा त्या लेखकांचा दावा होता.

या वादात आपल्या शास्त्राची बाजू घेऊन आवेशाने बोलणारे पुष्कळ भेटले. गुळवेलीचे खोड हातात घेऊन बोलणारे थोडे भेटले. ओळख पटली म्हणजे सर्व निभावले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्रा, सेवनाचा काळ, रुग्णाची प्रकृती, पूर्वीचा यकृतदोष, सोबतची अन्य औषधे, हे सर्व प्रश्न शिल्लक राहतातच, आणि मनाने काढा घेणाऱ्या रुग्णाने त्यांपैकी एकाचाही विचार केलेला नसतो. तथापि वनस्पती कोणती हा पहिला प्रश्न सुटल्याशिवाय पुढील चर्चा आरंभच करता येत नाही, आणि तो सोडवणे आपले काम आहे.

नदीकाठच्या कुंपणांवर, आंब्यावर, ऐनावर चढलेली वेल पाहावी. गुळवेलीचे खोड हिरवट, वरचा पापुद्रा कागदासारखा सुटणारा, छेद घेतला तर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते आणि दुधाळ स्राव येत नाही. फळे वाटाण्याएवढी, गोल, लाल, घोसाने. मंत्रालयाच्या निवेदनानुसार क्रिस्पाचे खोड करड्या रंगाचे, त्यावर बारीक गाठींसारखे उंचवटे, आणि दुधाळ स्राव. फळे लंबगोल आणि नारिंगी. काढ्यासाठी खोड विकत घेणाऱ्या आपल्या रुग्णास त्या उंचवट्यांवरून बोट फिरवून पाहण्यास शिकवले तरी पुष्कळ झाले.

पुनर्नवेबद्दल थोडक्यात सांगतो. पाऊस सुरू झाला की वाटेच्या कडेस ती आणि वसू दोन्ही पसरतात. पुनर्नवेची गुलाबी-जांभळी सूक्ष्म फुले लांब दांड्यावर गुच्छाने येतात आणि फळे चिकट असतात, ती पायजम्यास लागून घरी येतात. वसूची फुले देठाविना पानाच्या बेचक्यात दडलेली, पाने मांसल.

रानातील बाजार

ज्येष्ठात पहिला पाऊस पडून गेला की कल्याण, ठाण्याच्या बाजारांत आदिवासी स्त्रिया शेवळे घेऊन बसतात. सोबत काकडाची हिरवी फळेही देतात. शेवळाने घशास खाज सुटते आणि काकडाच्या आंबट रसाने ती शमते, म्हणून एक घेतले की दुसरे घ्यावयाचे हा त्यांचा नियम. संयोगसंस्काराचे याहून सुबोध उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. मागोमाग टाकळा, भारंगीची पाने, कुड्याची फुले, फोडशी अशा भाज्या येतात. फोडशी ही सफेद मुसळीच्या कुळातील, आणि सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम हे तर आपल्या बोरिवलीवरूनच पडलेले आहे. वाजीकरणाच्या महागड्या पाकिटावर राजस्थान वा हिमालयाची चित्रे पाहणाऱ्यांस हे ठाऊक नसते.

ठाकूर, कातकरी वस्तीतील जाणत्या व्यक्तीस सोबत घेतल्यास सकाळ सार्थकी लागते. मात्र त्यांच्या वेळेचे मोल द्यावे, आणि ते आधी ठरवावे. "माहिती विचारली" या सबबीखाली दोन तास फिरवून चहावर बोळवण करणे शोभत नाही. आमच्यासोबत आलेल्या एका ठाकूर आजींनी कुड्याची शेंग दाखवताना विचारले, "डाक्टर, तुमी दवा देता ना, मग झाड नाय बघत?" त्या प्रश्नास आम्हांपैकी कोणापाशी चांगले उत्तर नव्हते.

जिभेने परीक्षा करण्याचा मोह मात्र अनोळखी वनस्पतीच्या बाबतीत कटाक्षाने टाळावा. श्रावणात झुडपांवर ज्वालेसारखी लाल-पिवळी फुले येणारी कळलावी याच रानात असते. तिचा कंद खाद्य कंद समजून खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याचे दाखले आहेत. गुंजेचे बी मुलांना आकर्षक वाटते. मुले सोबत असल्यास हे दोन पदार्थ प्रथम दाखवावेत, पुढचे नंतर.

मोबाईलवर छायाचित्र काढून नाव सांगणारी साधने आता उपलब्ध आहेत. आरंभी त्यांचा उपयोग होतो. परंतु त्यांचे उत्तर हे पूर्वपक्ष समजावे. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ओषधीसंग्रह, किंवा इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी कीर्तिकर-बसू यांचा १९१८ सालचा ग्रंथ घरी उघडून निर्णय करावा. त्यातच खरी गोडी आहे.

ऋतू, श्रम आणि पाणी

वाग्भटाने व्यायाम बलवानांनी शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने आणि अन्य काळी त्याहून मंद करावा असे सांगितले आहे. तेव्हा मार्गशीर्ष ते फाल्गुन हा फिरण्याचा मुख्य काळ. त्या काळात फळे आणि शेंगा पाहाव्यात, पळस फुललेला पाहावा. चैत्र-वैशाखात कुड्याचा बहर असतो, पण नऊच्या आत परतावे. द्रव्यसंग्रहाचे काल चरकाने सांगितले आहेत. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्म वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात. प्रत्येक ऋतूत एकदा त्याच वाटेने गेल्यास हे विधान पाठांतराचे राहत नाही. सहा सकाळी म्हणजे वर्षातून चोवीस-तीस तास. एवढे कोणासही काढता येतील.

वर्षाऋतूबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. खडवलीच्या नदीत बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि त्यांत पोहता येणारे तरुणही असतात. वर पाऊस झाला वा धरणातून विसर्ग वाढला की येथे आकाश निरभ्र असतानाही पाणी चढते. पात्रातील खडक शेवाळलेले, डोह किती खोल याचा अदमास काठावरून येत नाही. पावसाळ्यात प्रशासनाकडून अशा ठिकाणी मनाई आदेश निघतात, ते निमूटपणे पाळावेत. वाग्भटाने वर्षाचर्येत नदीचे पाणी आणि आयास वर्ज्य सांगितले, आणि दिनचर्येत बाहुबलावर नदी ओलांडण्यास मनाई केली. विद्यार्थ्यांस ही वाक्ये पाठ असतात आणि सहलीत तेच विद्यार्थी प्रथम पाण्यात उतरतात. आमच्या गटाचा नियम असा आहे की आषाढ-श्रावणात पात्राकडे जावयाचेच नाही. वनस्पती वाटेवर, शेताच्या बांधावर आणि टेकडीच्या उतारावर भरपूर आहेत. मद्य बाळगणाऱ्यास गटात घेत नाही. पावसाळ्यात पूर्ण बूट आणि काठी हवी, कारण भाताच्या बांधांवर सर्पदंशाचा धोका असतो. दंश झाल्यास आपण वैद्य आहोत हे विसरून रुग्णास तत्काळ प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

काय आणावे, काय आणू नये

ओषधी उपटून आणणे हा या भेटीचा हेतू नव्हे. दहा वैद्य दहा शतावऱ्यांची मुळे खणून घेऊन गेले तर पुढच्या वर्षी दाखवावयास काय उरणार? वनविभागाच्या हद्दीत तर परवानगीविना पानही तोडू नये. खासगी बांधावर मालकास विचारावे. खाली पडलेली शेंग, पिकून गळालेले फळ, सुटून लोंबणारा सालीचा पापुद्रा एवढे पुरे. वहीत तिथी, जागा आणि स्थानिक नाव लिहावे. स्थानिक नाव दोन निरनिराळ्या व्यक्तींना विचारून लिहिल्यास बरे.

आणि सर्व वेळ वनस्पतींच्याच मागे धावलेच पाहिजे असेही नाही. आमच्यातील एक ज्येष्ठ वैद्य अर्धा तास फिरतात आणि उरलेला वेळ उंबराखाली बसून पाण्याकडे पाहतात. त्यांना कोणी हटकत नाही. कुटुंबीय सोबत असल्यास परतताना टिटवाळ्यास उतरून महागणपतीचे दर्शन घेता येते, म्हणजे घरूनही तक्रार राहत नाही.

औषधालयाच्या मालकांसाठी एक सूचना. कुड्याची न उकललेली शेंगांची जोडी, ऐनाचे व अर्जुनाचे फळ, दोन्हींच्या सालीचा आपोआप सुटलेला तुकडा, एवढे नमुने नीट वाळवून, नाव व दिनांक लिहून, काचेच्या लहान बरण्यांत ठेवावेत आणि बरण्या माल उतरवून घेण्याच्या जागी, तराजूशेजारी मांडाव्यात. इंद्रजवाचे पोते आले की त्यातील दहा दाणे वेगवेगळ्या थरांतून काढून चावून पाहावेत. अर्जुनसालीचे आले की तुकडा बरणीतल्या तुकड्याशी लावून पाहावा. संशय आल्यास माल प्रयोगशाळेकडे पाठवावा, आणि अहवाल येईपर्यंत पोते बाजूस ठेवावे. कच्चा माल पुरवणारा व्यापारी या बरण्यांकडे एकदा पाहून जातो. पुढील खेपेस तो काय पाठवतो यात फरक पडतो, असा आमच्या परिचयातील दोन औषधालयांचा अनुभव आहे.